सैनिकाच्या नावावरची जमीन

लॉस एंजेलिस शहराच्या पश्चिमेस ब्रेंटवूड नावाची श्रीमंतांची वस्ती आहे. तेथील सॅन व्हिसेन्ते या प्रशस्त रस्त्याच्या कडेला २०२१ साली तंबूंची एक रांग उभी होती. तंबूंवर अमेरिकेचे भले मोठे राष्ट्रध्वज लावलेले होते आणि तंबूंत राहणारी माणसे त्याच ध्वजाखाली लढून आलेली होती. तंबूंच्या पाठीशी लोखंडी कुंपण होते आणि कुंपणापलीकडे ३८८ एकर जमीन. ही जमीन कोणा उद्योगपतीची नव्हती. अपंग सैनिकांना कायमचे घर असावे, या एकाच हेतूने ती १८८८ साली दान देण्यात आली होती. जिच्यावर आपला हक्क आहे त्या जमिनीच्या कुंपणाला टेकून ही माणसे उघड्यावर झोपत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तंबू उठवण्यात आले. कुंपण राहिले.

सातासमुद्रापलीकडच्या या तंबूंवर आमच्या स्तंभाने लेखणी का झिजवावी, असे काही वाचकांना वाटेल. व्हिएतनामच्या युद्धाचा ज्यांनी कडाडून निषेध केला त्यांनीच त्या युद्धातल्या सैनिकांचा कळवळा दाखवावा, यात विसंगती नाही काय, असेही कोणी विचारील. आमच्या मते विसंगती नाही. युद्ध ठरवणारे आणि युद्धात मरणारे हे दोन निराळे वर्ग असतात. अमेरिकेत १९७३ पर्यंत सक्तीची सैन्यभरती होती. पण महाविद्यालयात नाव असलेल्या मुलाला सवलत मिळे. म्हणजे शिक्षणाचा खर्च ज्याच्या बापाला झेपत होता तो वर्गात बसला आणि कारखान्यातल्या, शेतातल्या, काळ्या वस्तीतल्या मुलाने बंदूक उचलली. साम्राज्यवादी युद्धाचा पहिला बळी अर्थातच व्हिएतनामी शेतकरी होता. परंतु जो मुलगा तेथून मन आणि शरीर मोडून परत आला, त्याच्या नशिबी पदपथ येतो तेव्हा त्याच व्यवस्थेचा हिशेब पुरा होतो. त्या मनाच्या जखमेला वैद्यकशास्त्राच्या अधिकृत सूचीत नाव मिळाले तेच मुळी १९८० साली. युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावर.

जमिनीची कथा मात्र तपशिलाने सांगण्याजोगी आहे. मार्च १८६५ मध्ये, यादवी युद्ध संपत आले असताना, लिंकनने अपंग स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयस्थान स्थापणाऱ्या कायद्यावर सही केली. देशात ठिकठिकाणी त्याच्या शाखा निघाल्या. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या शाखेसाठी सिनेटर जॉन जोन्स आणि आर्केडिया बँदिनी दे स्टर्न्स बेकर या जमीनदार स्त्रीने ३०० एकर जमीन दिली. तेथे सैनिकांचे कायमचे निवासस्थान चालवले जावे, अशी दानपत्रातच अट होती. जोन्स आणि बेकर हे काही निरिच्छ संत नव्हते. आसपासच्या जमिनीत त्यांचे हितसंबंध होते आणि सरकारी वसाहत आली की भाव चढतो, हे त्यांना कळत होते. तरीही दान खरे होते आणि दानाचा हेतूही लेखी होता. पुढे त्यात भर पडत गेली. बराकी उभ्या राहिल्या, प्रार्थनामंदिर झाले, टपाल कार्यालय आले, शेती होऊ लागली, ट्रॅमची गाडी आतपर्यंत येऊ लागली. ऐन भरात असताना हजारो माजी सैनिक तेथे राहत होते. ते रुग्ण म्हणून आलेले नव्हते, भिक्षेकरी तर नव्हतेच. तो त्यांचा गाव होता.

तो गाव कोणी एका दिवशी उठवला नाही. उपचार म्हणजे रुग्णालय, आणि निवास हा आपला विषय नव्हे, असा विचार माजी सैनिक खात्यात हळूहळू मुरत गेला. १९७१ च्या भूकंपानंतर जुन्या इमारती धोकादायक ठरल्या. व्हिएतनामहून मुले परतत होती नेमक्या त्याच वर्षांत येथील निवासाची दारे बंद झाली. मग रिकामी जमीन दिसू लागली, आणि शहरातल्या रिकाम्या जमिनीकडे कोणाची दृष्टी जाते हे मुंबईकरांना सांगायला नको. एका महागड्या खासगी शाळेने तेथे आपली क्रीडांगणे आणि पोहण्याचा तलाव बांधला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने बेसबॉलचे स्टेडियम उभारले. तेल कंपनीला विहिरी मिळाल्या, वाहनतळ चालवणाऱ्याला वाहनतळ मिळाला. हॉटेलांचे कपडे धुणारा कारखाना आणि मोटारी भाड्याने देणारी कंपनी यांचीही सोय काही काळ झाली. सगळे भाडेपट्टे कागदोपत्री सैनिकांच्या हिताचे होते.

विद्यापीठाच्या त्या स्टेडियमला जॅकी रॉबिन्सनचे नाव आहे. अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल स्पर्धांतली वर्णबंदी १९४७ साली मोडणारा हा खेळाडू दुसऱ्या महायुद्धात स्वतः सैन्यात अधिकारी होता. बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसण्यास नकार दिला, त्या प्रकरणातून १९४४ साली त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्याच्या नावाची पाटी लावलेल्या मैदानावर चेंडूफळीचा खेळ चालावा आणि बाहेर काळ्या सैनिकाने तंबूत रात्र काढावी, असे कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

२०११ साली काही सैनिकांच्या वतीने दावा गुदरण्यात आला. हे भाडेपट्टे बेकायदा आहेत असा निर्णय २०१३ साली न्यायालयाने दिला. २०१५ साली तडजोड झाली. तडजोडीनंतर आराखडा आला, आणि आराखड्यात १,२०० घरांचे वचन होते. त्यासाठी २०१६ साली काँग्रेसने खास कायदाही केला. आठ वर्षांनी, म्हणजे २०२४ साली, त्यांतील चौथा हिस्सा घरेही राहण्याजोगी झालेली नव्हती. दरम्यान दुसरा दावा उभा राहिला होता. तो ज्यांच्यापुढे चालला ते न्यायमूर्ती डेव्हिड कार्टर स्वतः व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी निकाल दिला: जमीन सैनिकांची आहे आणि सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, शाळा, विद्यापीठ, तेल कंपनी यांचे पट्टे रद्दबातल, अठरा महिन्यांत ७५० तात्पुरती घरे आणि आराखड्यातल्या घरांखेरीज आणखी १,८०० कायमची घरे बांधावीत. त्या वेळी लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ३,००० माजी सैनिक बेघर होते. यावर सरकारने काय करावे? ते अपिलात गेले.

या खटल्यात एक बाब अशी उघड झाली की तिच्यापुढे इतर सारे विसरावे. त्या जमिनीवर जी थोडी घरे बांधली गेली ती अल्प उत्पन्नवाल्यांसाठीच्या करसवलतींतून बांधलेली असल्यामुळे तेथे उत्पन्नाची मर्यादा होती. युद्धात आलेल्या अपंगत्वाची भरपाई सरकारने उत्पन्नात धरली. परिणाम असा की ज्याचे अपंगत्व जितके मोठे, त्याची भरपाई तितकी जास्त, आणि तितका तो घरासाठी अपात्र! किरकोळ इजा झालेल्यास दार उघडे, आणि दोन्ही पाय गमावलेला मनुष्य सरकारी वहीत श्रीमंत. ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे खटला चालू असताना, गृहनिर्माण खात्याने हा नियम सैल केला. नियम करताना तो कोणाच्याच लक्षात आला नसेल असे आम्हांस वाटत नाही. कारकुनाने बोट दाखवलेही असेल. पण दारिद्र्याची परीक्षा घेऊनच मदत द्यायची, हे तत्त्व एकदा स्वीकारले की अशी फळे येणारच.

सैनिकाबद्दलची कृतज्ञता ही राज्यकर्त्यांना नेहमीच स्वस्त पडली आहे. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ साली बोनसची प्रमाणपत्रे मिळाली. पैसे मात्र १९४५ साली मिळायचे होते. मध्ये महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक बायकापोरांसह राजधानीत गेले, अॅनाकोस्टिया नदीकाठी त्यांनी पत्र्या-फळकुटांच्या झोपड्या घातल्या आणि आमचे पैसे आत्ताच द्या, एवढेच मागितले. २८ जुलै रोजी अध्यक्ष हूव्हर यांच्या सरकारने त्यांच्यावर सैन्य घातले. जनरल मॅकआर्थरच्या हुकमतीखाली रणगाडे, घोडदळ आणि अश्रुधूर यांच्या बळावर त्यांना हुसकावण्यात आले आणि झोपड्या जळाल्या. पैसे अखेरीस १९३६ साली मिळाले. १९४४ साली माजी सैनिकांसाठी शिक्षणाचा आणि गृहकर्जाचा जो प्रसिद्ध कायदा झाला, तो राज्यकर्त्यांच्या हृदयपरिवर्तनातून झाला नव्हता. लक्षावधी सैनिक परत येत होते आणि अॅनाकोस्टियाची आठवण ताजी होती.

तो कायदा मोठा होता यात शंका नाही. अमेरिकेतला घरमालक मध्यमवर्ग त्याने घडवला. मात्र कर्ज सरकार देत नव्हते. बँक देई, सरकार हमी राही. आणि बँक गोऱ्यांची होती. मिसिसिपी राज्यातल्या तेरा शहरांची १९४७ साली पाहणी झाली तेव्हा या योजनेतील ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला आलेली कर्जे किती निघाली? दोन. आज अमेरिकेतल्या बेघर माजी सैनिकांत साधारण एक तृतीयांश काळे आहेत. एकूण माजी सैनिकांत त्यांचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी आहे. बापाला घर मिळाले नाही म्हणून मुलाला वारसा मिळाला नाही, आणि मुलाला वारसा नाही म्हणून नातवाला संकटात टेकायला भिंत नाही. व्यसन, मनोरुग्णता, घटस्फोट ही बेघरपणाची कारणे म्हणून रोज सांगितली जातात. ही संकटे श्रीमंतांच्या घरीही येतात. त्यांना फक्त घर असते.

येथवर वाचून कोणी असे समजेल की हा प्रश्न सुटणारच नाही. वस्तुस्थिती उलट आहे, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. जानेवारी २०१० च्या एका रात्रीच्या सरकारी गणनेत अमेरिकेत ७४,०८७ माजी सैनिक बेघर आढळले होते. जानेवारी २०२४ मध्ये ही संख्या ३२,८८२ होती. (नातेवाइकाच्या वा मित्राच्या घरी दिवस कंठणारी माणसे या गणनेत येत नाहीत, हे ध्यानात ठेवूनही घट खरी आहे.) याच २०२४ साली एकूण बेघरांचा आकडा ७,७१,४८० वर गेला, एका वर्षात अठरा टक्के वाढ. एकाच देशात, त्याच घरभाड्याच्या बाजारात, त्याच शहरांत, एका गटाचे बेघरपण निम्म्याहून कमी झाले आणि बाकीच्यांचे वाढत राहिले. हे कशाने झाले?

चमत्कार कोणताही नाही. २००८ पासून अमेरिकन सरकारने माजी सैनिकांसाठी घरभाड्याच्या हमीपत्रांवर सातत्याने पैसा खर्च केला. आजवर एक लाखाहून अधिक हमीपत्रे निघाली. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के द्यायचे, उरलेले भाडे सरकारने. आणि माजी सैनिक खात्याचा एक समाजसेवक त्या कुटुंबाच्या पाठीशी. यामागचा विचार न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्षात आणून दाखवला होता. तोपर्यंतची रीत अशी होती की बेघर माणसाने आधी दारू सोडावी, औषधे घ्यावीत, आश्रयगृहात नीट वागून दाखवावे, मग घराचे पाहू. त्सेम्बेरिसने क्रम उलटा केला: आधी किल्ली, अटी नाहीत; उपचार घरात राहून, माणसाच्या इच्छेने. ज्यांच्याविषयी सगळ्यांनी हात टेकले होते अशी माणसेही मोठ्या संख्येने घरात टिकली. पदपथावर झोपणाऱ्याने व्यसन सोडावे ही अपेक्षा करणाऱ्यांनी कधी एक रात्र पदपथावर काढून पाहिलेली नसते.

म्हणजे बेघरपणा हा दैवाचा किंवा स्वभावाचा प्रश्न नाही. शासनाने पैसा आणि घर दिले तेथे तो ओसरला, दिले नाही तेथे वाढला. ही गोष्ट सैनिकांच्या बाबतीत सिद्ध झाली, कारण सैनिकाला मदत देताना कोणी त्याच्या पात्रतेवर वाद घालत नाही. पण येथेच एक खड्डाही आहे. सैनिक हा लायक गरीब, आणि उरलेले? कापड गिरणीतून काढलेला, बाळंतपणानंतर नवऱ्याने टाकलेली, परदेशातून पोट भरायला आलेला, हे नालायक गरीब? मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी लॉस एंजेलिसच्या त्याच जमिनीवर १ जानेवारी २०२८ पर्यंत ६,००० बेघर सैनिकांची सोय करणारे केंद्र उभारण्याचा आदेश काढला. आकडा न्यायालयाने सांगितलेल्या आकड्याहून मोठा आहे, आणि तो प्रत्यक्षात आला तर आम्ही त्याचे स्वागतच करू. मात्र त्याच आदेशात म्हटले आहे की यासाठी लागणारा पैसा बेकायदा स्थलांतरितांच्या निवाऱ्यावर होणाऱ्या खर्चातून वळवावा. म्हणजे एका बेघराचे पांघरूण ओढून दुसऱ्याच्या अंगावर घालायचे आणि दोघांना एकमेकांचे वैरी करायचे. तेल कंपनीच्या वा शाळेच्या ताटातला घास काढण्याची भाषा त्यात नाही. पुढे जुलैत दुसरा आदेश निघाला, आणि त्याने ‘आधी घर’ या धोरणाचाच पाठिंबा काढून घेण्याचे ठरवले. ज्या उपायाने सैनिकांची संख्या निम्म्यावर आली तोच उपाय आता शिस्तीच्या नावाखाली मोडीत निघतो आहे.

सैनिकाच्या नावाचा असा उपयोग आपल्याला अपरिचित नाही. मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ ही ३१ मजली इमारत आजही उभी आहे. संरक्षण दलांतल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी म्हणून ही सोसायटी निघाली आणि सदस्यांच्या यादीत राजकारणी, सनदी अधिकारी, वरिष्ठ लष्करी अधिकारी व या मंडळींचे नातलग निघाले. नोव्हेंबर २०१० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. जमीन राज्य शासनाची होती, कारगिलच्या वीरांसाठी राखीव नव्हती, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने काढला. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा हुकूम दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचा काथ्याकूट कोठेही पोहोचो. समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या सदनिकांत जवानाच्या विधवेला जागा नव्हती, एवढे यादी वाचणाऱ्या कोणालाही दिसत होते.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याकडे माजी सैनिकांचे तंबू रस्त्याकडेला दिसत नाहीत. त्याचे श्रेय देशभक्तीच्या भाषणांना नाही, पेन्शनला आहे. पंधरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या जवानाला दरमहा ठरलेली रक्कम मिळते, रुग्णालय मिळते, कॅन्टीन मिळते. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कितीतरी गावांत सिमेंटचे पहिले घर फौजीचे, ते याच पेन्शनवर उभे राहिलेले. ती नसते तेव्हा काय होते हेही आपण पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली आणि युद्ध संपताच यांतील बहुसंख्य जवान अल्प सेवेमुळे पेन्शनविना घरी पाठवले गेले. त्यांच्यातल्या हयात म्हाताऱ्यांना पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांना मासिक अनुदान द्यावे लागले. केंद्रीय सैनिक बोर्डाकडे पेन्शन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकांसाठी दारिद्र्य-अनुदान आहे, हे तर त्या अवस्थेचे सरकारी नावच म्हणावे लागेल.

या पार्श्वभूमीवर जून २०२२ मध्ये आलेली अग्निपथ योजना पाहावी. चार वर्षे नोकरी. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा मुलांना कायम करणार, बाकीचे घरी. जाताना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यांतला निम्मा हिस्सा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर झाल्या आहेत. त्यांतून काहींना नोकरी मिळेल, सर्वांना नाही. घराविषयी तर कोठे शब्दच नाही. २०२० साली महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांना मालमत्ता कर माफ केला, तो निर्णय चांगलाच होता. पण कर माफ होतो तो घर असलेल्याचा, आणि अग्निवीर तर मुळात माजी सैनिकच नव्हे. उद्या त्याच्यावर वाईट दिवस आले तर दारिद्र्य-अनुदानाच्या दारातही तो उभा राहू शकत नाही.

पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस भरती झाली होती. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. एकवीस ते सत्तावीस वयाची ही मुले बहुतांशी कोरडवाहू आणि भूमिहीन घरांतली. हाती आलेल्या रकमेतून बहिणीचे लग्न आणि बापाचे कर्ज वजा जाता जे उरेल त्यात पुण्या-मुंबईत एक खोलीही येणार नाही. सुरक्षा रक्षकाचा गणवेश चढवून दुसऱ्याच्या इमारतीच्या दाराशी बारा तास उभे राहावे आणि भाड्याच्या खोलीत पाळीपाळीने झोपावे, हा मार्ग त्यांतल्या अनेकांना मोकळा असेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या नोंदवहीत या मुलांची नावे लिहिली जाणार आहेत की नाहीत, त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळणार की नाही, आणि म्हाडाच्या सोडतीत त्यांना कोणत्या रकान्यात धरले जाणार, याचे उत्तर पहिली तुकडी गावच्या एस.टी. स्थानकावर उतरण्यापूर्वी मिळाले पाहिजे. विधिमंडळातील आमच्या मित्रांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा, अशी त्यांना विनंती आहे.